किबोको पार्कच्या फाटकावरची काटुंगे

माणसं मजा करायला निघाली की डोकं घरी खुंटीला टांगून येतात, असं काटुंगेचं ठाम मत होतं. किबोको पार्कच्या फाटकावर वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून तिनं ते कमावलं होतं, त्यामुळे कुणी कितीही समजावलं तरी ते बदलण्यासारखं नव्हतं.

अथी नदीच्या पुढे, मोम्बासाच्या हमरस्त्याला लागून हे पार्क. पूर्वी तिथं नुसतं पिवळं गवत आणि काटेरी झुडपं होती. आता तिथं पाळणे आले, घसरगुंड्या आल्या, होड्यांचं तळं आलं, आणि फाटकाशी सिमेंटचा एक भलामोठा पाणघोडा तोंड वासून बसला. लोकांनी त्याच्या जबड्यातून आत जायचं आणि संध्याकाळी त्याच जबड्यातून बाहेर पडायचं. जबड्याच्या आधी लोखंडी दांड्यांची नागमोडी वाट, वाटेच्या तोंडाशी लांब टेबल, टेबलामागे मेटल डिटेक्टरची दांडी हातात धरलेली काटुंगे.

ती पार्कची नोकर नव्हती. रखवालदार पुरवणाऱ्या एका कंपनीनं तिला तिथं नेमलं होतं. कंपनीत भरती झाली तेव्हा महिनाभर पहाटे मैदानावर कवायत करून घेतली होती. खांद्यावर काठी, छाती पुढे, आणि उस्ताद ओरडायचा, "शत्रू कुठूनही येईल! डोळे उघडे ठेवा!" काटुंगेनं डोळे उघडे ठेवले. शत्रू काही आला नाही. आल्या त्या चपात्या.

बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं नाही, हा पार्कचा पहिला नियम होता. आतली उपाहारगृहं चालली पाहिजेत ना! शस्त्र, दारू, काचेच्या बाटल्या हे सगळं पाटीवर खाली बारीक अक्षरात. वरच्या ओळीत, लाल रंगात, खाणं. आणि कीटुई, माचाकोसपासून भाड्याची मटाटू, म्हणजे छोटी बस, करून पोराबाळांसकट येणारं कुठलं कुटुंब उपाशी निघतं? बाळाच्या लंगोटात पिलाव सापडायचा. चर्चच्या गायनमंडळातल्या बायांच्या टोप्यांखाली उकडलेली अंडी सापडायची. एकदा एका मोठ्या भुसभरल्या अस्वलाच्या पोटातून अख्खी भाजलेली कोंबडी निघाली.

"बाई, हे काय आहे?"

"औषध."

"भातात?"

"डॉक्टरांनी भाताबरोबर घ्यायला सांगितलंय."

"आणि हे मटण?"

"ते भाताबरोबर."

दिवसभर असली उत्तरं ऐकून संध्याकाळी काटुंगेचं कपाळ ठणकायचं. अडवलेलं खाणं टेबलाखालच्या टोपलीत पडून राहायचं, परत जाताना लोक घेऊन जायचे, आणि मुलांच्या देखत तिला शिव्या घालायचे. "पोटावर पाय देणारी," ही त्यातल्या त्यात सौम्य.

हातातली दांडीही लहरी होती. कधी बटणाला ओरडायची, कधी कोयत्यालाही गप्प बसायची. काटुंगेनं आपला मुकादम सिमियू याच्याकडे तक्रार केली. सिमियू पश्चिमेकडचा, बुंगोमाचा. सदा कानाला फोन, कमरेला चाव्यांचा जुडगा. तो म्हणाला, "काटुंगे, ती चालते की नाही ते सोड. ती हातात दिसली पाहिजे."

"मग लाकडाची करून द्या, साहेब. वजनाला हलकी तरी होईल."

"तुझी जीभ तपासायचं यंत्र कुणी काढलं तर बरं होईल," सिमियू म्हणाला आणि फोनवर पुन्हा हसायला लागला.

त्याहून जास्त तिला चीड यायची ती मोठ्या लोकांची. काळ्या काचांची गाडी आली की सिमियू धावत जायचा, बाजूचा छोटा दरवाजा उघडायचा, आणि साहेब, साहेबांची मुलं, साहेबांचे बंदूकवाले असे सगळे न तपासता आत. एकदा तिनं हटकलं, तर सिमियूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला नोकरी नको असेल तर सांग, तुझ्या जागेवर यायला रांग लागलीय." काटुंगेनं जीभ आवरली. घर म्लोलोंगोत, त्या गावाच्या नावाचा अर्थच मुळी रांग. नवरा म्बिथी ट्रकवर, महिन्यातून चार रात्री घरी. मुलीची शाळा होती. जीभ आवरण्यावाचून काय करणार?

त्या वर्षी नाताळ जवळ आला आणि गावाहून सासूबाईंचा फोन आला. कालोंडू म्हणजे बोलायला लागली की फोनची गरज न पडणारी बाई.

"सूनबाई, नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही येतोय. सगळे."

"आई, त्या दिवशी नका येऊ हो. मुंगीला वाट मिळत नाही."

"मग तू कशाला आहेस फाटकावर? सगळ्या गावाला सांगून झालंय, आमची सून तिथली साहेबीण आहे म्हणून."

"आई, मी पिशव्या तपासते."

"तेच ते. मुन्याओ पण येतोय बरं का. त्याचा मान राख."

मुन्याओ हा म्बिथीचा चुलतभाऊ. काउंटीतल्या एका पुढाऱ्याचा अंगरक्षक. कुळात सरकारी गाडीत बसणारा हा पहिलाच, म्हणून लग्नात, मयतीत, सगळीकडे खुर्ची आधी त्याला. सुट्टीच्या दिवशीही काळा चष्मा आणि सैल फुलाफुलांचा शर्ट, बाहेर सोडलेला. शर्ट बाहेर का सोडलेला असतो हे कुळातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तो दिवस उजाडला तोच रागावल्यासारखा. ऊन असं की लोखंडी दांड्यांना हात लावता येईना. नवे कपडे घातलेली मुलं रडत होती, आया मुलांवर ओरडत होत्या, बाप काटुंगेवर ओरडत होते. अशात मटाटू येऊन थांबली आणि तिच्यातून तिचं सासर उतरलं. पुढे कालोंडू, नाताळचा निळा झगा, डोक्यावर फडक्यात बांधलेलं चपात्यांचं घमेलं. मागे कुणाच्या हातात रश्श्याचं पातेलं, कुणाच्या हातात आंबे. कालोंडू रांगेकडे न बघता तडक टेबलापाशी आली.

"ही बघा माझी सून!" तिनं रांगेला सांगितलं. रांगेनं काटुंगेकडे असं बघितलं की तिला वाटलं, पाणघोड्यानं तोंड मिटावं आणि आपण आत असावं.

"आई, रांगेत या ना."

"रांगेत? मी?"

"सगळेच रांगेत आहेत, आई."

"तुझ्या लग्नात तुला घरात घेताना मी रांगेत उभं केलं होतं का गं?"

रांगेतले लोक हसले. काटुंगेचा पारा चढला. आता घरच्यांना सोडलं तर उरलेल्या दिवसात एकही पिशवी उघडता येणार नाही, हे तिला दिसत होतं. तिनं घमेलं उतरवून घेतलं, टेबलावर ठेवलं, फडकं सोडलं. फडक्यात कोंडलेला चपात्यांचा वास सगळ्या रांगेत गेला. मग पातेलं. मग आंब्यांच्या पिशवीत हात घालून आंबे कापायची सुरी काढली. सगळं टेबलाखाली गेलं.

कालोंडूचा चेहरा उतरला. "पहाटे उठून केल्यात गं मी," ती हळूच म्हणाली. तिचं ओरडणं काटुंगेनं सहन केलं असतं. हे हळू बोलणं तिला जड गेलं.

"नियम आहे, आई," ती खाली बघत म्हणाली.

आणि त्याच वेळी समोर मुन्याओ आला. त्यानं हात थोडे वर केले, जणू खेळ चाललाय. तिनं दांडी फिरवली. नेमकी त्या दिवशी दांडी शहाण्यासारखी वागली. उजव्या कमरेशी येताच किंचाळली.

"भावजी..."

"चावी आहे, वहिनी."

"भावजी, ते इथे ठेवावं लागेल. कार्यालयात कुलपाची पेटी आहे."

मुन्याओनं चष्मा नाकावर खाली घेतला. "सरकारी वस्तू मी चपात्यांच्या टोपलीत ठेवू? आधीच म्हातारीला चारचौघांत उघडं पाडलंस. आता मला?"

मागून नणंद म्हणाली, "हिला वर्दी काय मिळाली, सासर विसरली." दूर सावलीत उभ्या सिमियूनं मान हलवली, हातानं खूण केली: जाऊ दे, जाऊ दे. मागे रांग शिट्ट्या मारत होती. काटुंगेच्या डोक्यात एकच विचार आला: मरू दे. सगळ्यांना आत जाऊ दे आणि हा दिवस संपू दे. ती बाजूला सरली.

मुन्याओ पाणघोड्याच्या जबड्यातून आत गेला.

दुपारी तो किंबुंगावर बसला. किंबुंगा म्हणजे वावटळ. हा पाळणा माणसांना उंच नेऊन पुरता उलटा करायचा. बसण्याआधी खिशातलं सगळं टोपलीत ठेवायला सांगतात. मुन्याओनं चष्मा ठेवला, फोन ठेवला, चाव्या ठेवल्या. पिस्तूल कुठे ठेवणार? उघड्या टोपलीत? ते शर्टाखालीच राहिलं. पाळणा वर गेला, उलटा झाला, फुलाफुलांचा शर्ट छातीवर आला, आणि कमरेचं पिस्तूल निसटून खाली गेलं. खाली साखरेचा कापूस विकणाऱ्याची टपरी होती. तिच्या पत्र्यावर ते आदळलं, आणि कडाड् असा आवाज झाला की तळ्यातली बदकंसुद्धा उडाली.

गोळी सुटली नव्हती. पण हे कुणाला ठाऊक? कुणीतरी ओरडलं, "गोळी! गोळीबार!" अतिरेक्यांचे हल्ले सोसलेल्या या देशात असा आवाज ऐकून पळणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. सगळं पार्क उठलं आणि फाटकाकडे धावलं.

काटुंगेनं आधी नुसता गलका ऐकला. मग तिला जबड्याच्या पलीकडे माणसांची भिंत येताना दिसली. बाहेर पडायची वाट तीच, लोखंडी दांड्यांची नागमोडी, एका वेळी एक माणूस जाईल अशी. पहिली माणसं दांड्यांवर येऊन आदळली, त्यांच्यावर मागची. एक बाई मुलाला डोक्यावर धरून किंचाळत होती. आणि बाहेरची रांग, काय झालं ते बघायला, उलट आत रेटत होती!

"मागे व्हा! अरे मागे व्हा, मूर्खांनो!" तिनं टेबल उलटं केलं. घमेलं, पातेलं, कुणाकुणाची अंडी मातीत गेली. बाजूला मालाच्या ट्रकसाठी मोठा लोखंडी दरवाजा होता, कायम कुलूप लावलेला. सिमियू त्याच्यापाशीच भिंतीला पाठ लावून उभा होता, फोन कानाला.

"चावी द्या!"

"थांब, व्यवस्थापक मॅडमना विचारतो. हा दरवाजा उघडला की तिकीट न काढलेले..."

काटुंगेनं त्याच्या कमरेचा जुडगा धरला आणि असा हिसडला की पट्ट्याचा हूक तुटला. तिसरी चावी लागली. दरवाजा जड होता. तिनं खांदा लावला, रांगेतल्या दोन पुरुषांना शिवी देऊन बोलावलं, त्यांनी खांदा लावला. दरवाजा करकरत उघडला. काटुंगे आत शिरली आणि म्लोलोंगोच्या ट्रकतळावर नवऱ्याला हाक मारायचा आवाज तिनं काढला: "इकडे! इकडे रुंद आहे! मुलांना उचला! ढकलू नका, इकडे या!"

माणसांची भिंत वळली. आधी थोडी, मग सगळी. माणसं मोठ्या दरवाजातून बाहेर सांडली आणि गवतात पसरली. काहींचे पाय मुरगळले, एका मुलीचा हात मोडला, चपला-बुटांचा ढीग पडला. जीव कुणाचा गेला नाही. सगळ्यात शेवटी कालोंडू आली, एका पायात चप्पल, झगा फाटलेला, नणंदेच्या लेकीचा हात घट्ट धरलेला. ती सुनेसमोर थांबली. मग गवतात जाऊन बसली.

पोलीस आले तेव्हा मुन्याओ टपरीच्या पत्र्यावर होता. गोंधळात शिडी लावून तो पिस्तूल शोधायला चढला होता आणि शिडी कुणीतरी नेली होती. तिथून उतरवून त्याला नेलं ते सरकारी गाडीतूनच, पण या वेळी मागच्या बाकावर.

मटाटूत बसताना नणंद काटुंगेला म्हणाली, "वहिनी, तुझं काम काय असतं? तपासायचं! नीट तपासलं असतंस तर हे झालं असतं का?"

 हसावं की दगड उचलावा, काटुंगेला कळेना.

दुसऱ्या दिवशी पार्कच्या व्यवस्थापक गाथोनी मॅडमनी चौकशी केली. सिमियू म्हणाला, "मी कुठलीही खूण केली नाही. मी फोनवर होतो." हे खोटं इतकं खऱ्यासारखं होतं की काटुंगेला त्याचं कौतुकच वाटलं. मॅडमनी तिला विचारलं, "तुला माहीत होतं त्याच्याकडे पिस्तूल आहे?"

"होतं."

"मग?"

"दीर होता. मी थकले होते. सोडला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दरवाजा उघडलास म्हणून तुला पोलिसांकडे देत नाही," त्या म्हणाल्या. "पण इथे ठेवता येणार नाही."

कंपनीनं तिला प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या गोदामावर नेमलं. तिथं कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. कुत्रं होतं, तेही झोपायचं. कपाळ ठणकणं थांबलं, आणि तरी काटुंगे घरी आल्यावर मुलीवर विनाकारण खेकसायची.

मग गावाहून निरोप आला: कुळाची बैठक आहे. मुन्याओची नोकरी गेली होती. कुणामुळे गेली, यावर बैठक. म्बिथी म्हणाला, "जाऊ नकोस, मी बोलतो." काटुंगे म्हणाली, "तू ट्रक चालव."

आंब्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मुन्याओ एका खुर्चीवर, चष्म्याशिवाय, लहान दिसत होता. एका चुलतसासऱ्यांनी सुरुवात केली, "सूनबाईनं घरच्या माणसाला सांभाळून घ्यायला हवं होतं..."

"सांभाळून घेतलं म्हणूनच तर हे झालं, मामंजी!" काटुंगे उभी राहिली. "तपासलं तर सासर विसरली, नाही तपासलं तर काम विसरली. मी करायचं तरी काय? तुम्हीच सांगा, सगळे मिळून सांगा, एकदाच! त्या गर्दीत तुमची नात होती. ती दांड्यांत चेंगरली असती तर आज ही बैठक कुणाच्या नोकरीवर भरली असती?"

 मग मागे चटईवर बसलेल्या कालोंडूचा आवाज आला.

"मी सांगते. मला राग आहे हिचा. पण तो तुमचा राग नव्हे." ती सुनेकडे बघत होती. "माझं घमेलं उतरवताना तू मागेपुढे पाहिलं नाहीस, काटुंगे. नियम आहे म्हणालीस. मी ऐकलं. मग त्याच नियमानं त्याच्या शर्टाला हात का नाही घातलास? माझ्या चपात्यांची भीती वाटली नाही आणि त्याच्या चष्म्याची वाटली. मी म्हातारी आहे, मला अडवणं सोपं होतं. एवढंच मला सांगायचं होतं. आता चहा आणा."

काटुंगे खाली बसली. मुकादमाला, नणंदेला, रांगेला, सगळ्यांना द्यायची उत्तरं तिनं गोदामावर घोटून ठेवली होती. सासूबाई त्या यादीत नव्हत्या. चहा आला, तो तिनं घेतला. मुन्याओ तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, ठेवायला हवं होतं मी पेटीत." तेवढ्यावर बैठक उठली.

ईस्टरच्या तोंडावर गाथोनी मॅडमचाच फोन आला. नव्यानं नेमलेले रखवालदार रांगेला बिचकत होते; एक तर पहिल्याच रविवारी टोपी टेबलावर ठेवून निघून गेला. काटुंगे म्हणाली, "येते. पण खाणं तपासायला दुसरं माणूस ठेवा. मी शस्त्रं बघणार. आणि मोठ्या दरवाजाची चावी माझ्याकडे."

"खाण्याचं बघते," मॅडम म्हणाल्या. याचा अर्थ नाही, हे काटुंगेला कळलं. चावी मात्र मिळाली.

ईस्टरच्या सोमवारी काळ्या काचांची गाडी आली. सिमियू सवयीनं धावला. कुणीतरी साहेब उतरले, बरोबर दोन माणसं, कोट घातलेली, त्या उन्हात. सिमियूनं छोटा दरवाजा उघडला, आणि त्या दरवाजात काटुंगे उभी होती.

"साहेब, आपलं स्वागत आहे. यांची हत्यारं पेटीत ठेवावी लागतील. पावती देते."

"मी कोण आहे माहीत आहे?"

"नाही," काटुंगे म्हणाली. तिनं पावतीचं पुस्तक उघडलं. "पण पाळण्यालाही माहीत नाही. तो सगळ्यांनाच उलटं करतो."

गाडीतली मुलं खिडकीतून बघत होती. साहेबांनी सिमियूकडे पाहिलं, सिमियूनं बुटांकडे. शेवटी साहेब पुन्हा गाडीत बसले, दारं आपटली, धूळ उडवत गाडी हमरस्त्याला लागली. मागच्या काचेला नाक लावून बसलेली धाकटी मुलगी रडताना दिसली. त्या पोरीचा काय दोष?

"गेलीस तू," सिमियू म्हणाला. "संध्याकाळपर्यंत फोन येईल वरून."

"येऊ दे. तुमच्या कानालाच असतो, तुम्हीच घ्या."

ती टेबलामागे परतली. तेवढ्या वेळात रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि पुढची बाई तिच्यावर खेकसली, "किती वेळ लावता हो! पोरं उन्हात करपली इथं!"

"पिशवी उघडा, मावशी," काटुंगे म्हणाली.